तिरप्या हेडचा टेप

कम्प्युटर सुरू झाला की आधीचं सगळं विसरलेला असायचा. मुकुंदने तो टीव्हीशेजारी ठेवला तेव्हाच सांगून टाकलं, "नानाजी, याले स्वतःची आठवण नाई. बंद केला की पाटी कोरी. दर वेळी तुमचा टेपरेकॉर्डर जोडाचा, ही कॅसेट लावाची, मंग तो धडा वाचून घेते आणि सुरू होते."

"म्हणजे आमच्या तिसरीच्या वर्गासारखाच," नानाजी म्हणाले आणि एकदम खूश झाले.

नानाजी मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिकवण्यातून नाही. सक्करदऱ्याच्या त्यांच्या घराच्या ओसरीत गल्लीतली मुलं रोज सकाळी पाढे म्हणायला बसत. चुकलं तर नानाजी रागवत नसत. "पुन्हा करून पाहू," एवढंच म्हणत, आणि बरोबर आलं की पाठीवर थाप देऊन शाब्बास म्हणत. मुकुंद हा त्यांच्या बायकोच्या बहिणीचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर. त्याने पाढे विचारणारा एक प्रोग्रॅम पुण्यातल्या आपल्या टेपवर कॅसेटमध्ये भरून आणला होता. तो मौद्याला गावच्या घरी चालला होता. पुढच्या रविवारी पुण्याला परत जाताना कम्प्युटर घेऊन जाणार होता. तोवर मुलांना दाखवा, असं सांगून तो गेला.

आता त्या टेपरेकॉर्डरबद्दल सांगायला हवं. तो सिंगापूरचा होता, कुणाच्या तरी सामानातून सीताबर्डीच्या बाजारात आलेला, आणि नानाजींपेक्षा त्यांच्या बायकोचा, पार्वतीबाईंचाच होता. दोन वर्षांपूर्वी त्यांची थोरली बहीण तुळसाबाई, म्हणजे मुकुंदची आई, उन्हाळ्यात कुरडया करायला आली होती. दोघी बहिणी शेगडीपुढे गव्हाचा चीक हाटत बसल्या होत्या आणि मुकुंदने गंमत म्हणून टेपचं लाल बटण दाबून ठेवलं. त्या दिवाळीत तुळसाबाई गेल्या. फोटोत त्या नेहमी डोळे मिटलेल्या. राहिली ती ही कॅसेट.

पार्वतीबाई रोज दुपारी भांडी आवरली की ती लावत. तिच्यात फार काही नव्हतं. बहिणी एकमेकींना टोमणे मारत होत्या, एका लग्नातल्या वरणावरून भांडत होत्या, आणि मध्येच तुळसाबाई जोरात ओरडत, "पारू, चीक बुडाले लागून राहिला वं!"

हे वाक्य आलं की ओसरीत पेपर वाचणारे नानाजी ताडकन उठून स्वयंपाकघरात पळत. तिथे शेगडी थंड असे. दोन वर्षं झाली, पण त्यांचे पाय काही शहाणे झाले नव्हते.

"अवो, टेप आहे तो!" पार्वतीबाई हसून लोटपोट होत.

"मंग तेवढं वाक्य पुसून टाक ना वं," म्हणत नानाजी पुन्हा ओसरीत जाऊन बसत. त्या एका वाक्याशिवाय कॅसेटमध्ये काय आहे, हे त्यांनी कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं.

तर सोमवारी सकाळी मुलं जमली. नानाजींनी टीव्ही लावला, वायर जोडली, कॅसेट घातली. टेपमधून असा काही कर्कश आवाज निघाला की समोरचं कुत्रं गळा काढून रडायला लागलं. मुलांनी कान झाकले. पडद्यावर पट्टे धावले, थांबले, आणि इंग्रजीत उमटलं की टेप वाचताना चूक झाली आहे.

"पुन्हा करून पाहू," नानाजी म्हणाले.

पुन्हा केलं. आवाज वाढवून केलं, कमी करून केलं. वायर उलटी जोडून केलं. शेजारचे धोंडबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते लुंगी सावरत आले आणि म्हणाले, "मास्तर, अर्थिंग सुकलं असन. मे महिना आहे." त्यांनी दोन बादल्या पाणी अंगणातल्या खड्ड्यात ओतलं. मग त्यांना कूलरचा संशय आला. कूलर बंद झाला. पंखा बंद झाला. मुलं घामाने निथळत बसली.

"झाला काय जी?" दर पाच मिनिटांनी छोटी गोपिका विचारे.

"होईन. धीर धर."

"पाढे म्हनू काय तवर?"

"गप बस. आवाजानं त्याले वाचता येत नसन."

नानाजींनी आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या मुलीला पाढे म्हणू नको असं सांगितलं होतं. ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुपारी टेप टॉवेलमध्ये गुंडाळून ते सीताबर्डीला भैय्याजींच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. भैय्याजींनी कान लावून ऐकलं, झाकण उघडलं आणि म्हणाले, "मास्तर, हेड तिरपं आहे. ज्यानं टेप वाचते तेच वाकडं उभं आहे. पयलेपासूनच असन."

"मंग सरळ करा ना!" नानाजींना तिरपं काही सहन होत नसे. मुलांची रांग असो की भिंतीवरचं कॅलेंडर, ते जाता जाता सरळ करत.

भैय्याजींनी हेडाशेजारचा बारका स्क्रू थोडा फिरवला. आवाज लख्ख झाला. घरी येऊन जोडलं, तर काय! पडद्यावर पाढा हजर. नानाजींनी एकट्यानेच बाराचा पाढा सोडवला आणि पडद्याने त्यांना इंग्रजीत शाब्बास म्हटलं. "उद्या सकाळी सगळ्यांनी या रे," ते गल्लीत ओरडून आले.

त्यांची पाठ फिरताच पार्वतीबाईंनी आपली कॅसेट लावली. तुळसाबाई गोधडीत तोंड खुपसून बोलत असल्यासारख्या वाटत होत्या. पार्वतीबाईंनी कॅसेट पदराला पुसली, उलटी करून लावली. तरी तेच. मास्तर इतक्या आनंदात, त्यांच्याजवळ कशाला तक्रार करायची? संध्याकाळी नानाजी भाजीला गेले तशा त्या तोच टेप त्याच टॉवेलमध्ये गुंडाळून, रिक्षा करून, त्याच भैय्याजींकडे गेल्या.

"आवाज घुसमटून राहिला जी. होता तसा करून द्या."

भैय्याजींनी टेप ओळखला, टॉवेलही ओळखला. मास्तर सरळ करून नेतात, बाई पुन्हा होता तसा करायला सांगतात, हा घरचा मामला आहे, आपण यात काय बोलावं, असं मनाशी म्हणून त्यांनी स्क्रू उलटा फिरवला.

मंगळवारी सकाळी पडद्यावर पुन्हा चूक. नानाजी चक्रावले. "काल तर चालला होता!"

"काल कूलर बंद होता," धोंडबांनी आठवण करून दिली.

कूलर बंद झाला, पाणी ओतलं गेलं, मुलं निथळली. दुपारी भैय्याजींकडे स्क्रू सरळ, संध्याकाळी भैय्याजींकडे स्क्रू तिरपा. बुधवारीही तेच. गुरुवारी नानाजींनी मुलांना मौन धरायला लावलं. शुक्रवारी त्यांनी टेपखाली उशी ठेवली आणि वायरला ओलं फडकं गुंडाळलं. ते फडकं पाहून धोंडबा इतके घाबरले की चपला सोडून पळाले. नानाजींच्या मते टेपला रोज सकाळी काहीतरी होत होतं. पार्वतीबाईंच्या मते रोज दुपारी होत होतं. संसार चाळीस वर्षांचा, तरी दोघांनी ही दोन मतं शेजारी ठेवून पाहिली नाहीत.

शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी मुकुंद येणार होता. ओसरीत मुलं सकाळपासून बसली होती, आणि नानाजी भैय्याजींच्या दुकानात घाम पुसत उभे होते.

"मास्तर, एक सांगतो, राग मानू नका," भैय्याजी म्हणाले. "या स्क्रूची खाच झिजली. आता एकच डाव फिरन. मंग हेड जिथं राहिलं तिथंच राहीन. जबरदस्ती केली तर तुटून जाईन. तवा आधी घरी बाईसोबत बोलून घ्या."

"बाईसोबत? कोन्या बाईसोबत?"

"तुमच्याच घरच्या. त्या रोज संध्याकाळी येऊन तिरपं करून नेतात ना. त्याईची कॅसेट नीट वाजत नाई म्हणतात."

नानाजी स्टुलावर बसले. आठवडाभराचं अर्थिंग, कूलर, उशी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. हसू आलं आणि लाजही वाटली. आपण हिला एकदाही विचारलं नाही.

घरी जाऊन विचारता आलं असतं. पण ओसरीत मुलं होती, ऊन चढत होतं, आणि कम्प्युटर उद्या जाणार होता. शिवाय नानाजींनी सरळ विचार केला. सरळ हेडावर सगळ्याच कॅसेटी नीट वाजायला हव्यात. हिची नाहीच वाजली, तर धोंडबांचा टेप आहे की शेजारीच. तिथे ऐकेल बहिणीला.

"सरळ करा," ते म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं. वाकडं ठेवून कोनाचं भलं झालं?"

भैय्याजींनी स्क्रू फिरवला. तो फिरला आणि बसला.

त्या दिवशी कम्प्युटर पहिल्याच फटक्यात सुरू झाला. मुलं ओरडली, कुत्रं रडलं, धोंडबांनी लांबून टाळ्या वाजवल्या. एकेक मूल पुढे येऊन आकडे दाबू लागलं. बरोबर आलं की पडद्यावर शाब्बास, चुकलं की नुसती फुली. थोड्या वेळाने नानाजींच्या लक्षात आलं की गोपिका त्यांच्याकडे तोंड करून बसली आहे.

"काहून वं? तुहा नंबर आला ना?"

"नानाजी, तुमीच इचारा ना. तो टीव्ही पाठीवर थाप देत नाई."

हळूहळू सगळीच मुलं तोंड फिरवून बसली. दुपारपर्यंत नानाजी पाढे विचारत होते आणि मागे कम्प्युटर एकटाच बारा सत्ते किती म्हणून विचारत होता.

रविवारी मुकुंद आला. वायरी गुंडाळल्या, कम्प्युटर खोक्यात घातला, आणि निघताना दारातच थांबला.

"मावशी, आईची कॅसेट लावतं काय? जाच्या आधी एक डाव ऐकतो."

पार्वतीबाईंनी नानाजींकडे पाहिलं. नानाजी कॅलेंडर सरळ करत होते. ते सरळच होतं.

कॅसेट लागली. गोधडीखालून दोन बायका बोलू लागल्या. कोण कुठली ते कळत नव्हतं. मुकुंद टेपजवळ वाकला. मग नानाजींनी सगळं सांगितलं, स्क्रू, भैय्याजी, कालचा निर्णय, काहीही न लपवता, आणि शेवटी म्हणाले, "पण धोंडबाच्या टेपवर वाजन ना?"

धोंडबांचा टेप आणला. त्यावरही गोधडीच.

"नानाजी," मुकुंद हळू म्हणाला, "ही कॅसेट याच टेपवर भरली होती, याच तिरप्या हेडानं. ते जितकं तिरपं होतं, तितक्याच तिरप्या हेडावर ती नीट वाजन. बाकीचे सगळे सरळ आहेत."

"मंग धोंडबाचा टेप तितकाच तिरपा करू!"

धोंडबांनी आपला टेप उचलून काखेत घेतला.

"माझा करून पाहिला असता पुण्याले," मुकुंद म्हणाला, "पण किती तिरपं होतं, हे कोनी मोजून ठेवलं?"

कुणीच ठेवलं नव्हतं. कॅसेट पुण्याला नेऊन तिथे अंदाजाने स्क्रू फिरवून पाहू का, असं त्याने विचारलं, तेव्हा पार्वतीबाईंनी ती टेपमधून काढून मुठीत धरली. "तिकडं हरवली मंग? घुसमटत काहून होईना, घरात तर आहे," त्या म्हणाल्या. मुकुंदने त्यांच्या पाया पडून खोकं उचललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून पार्वतीबाईंनी कॅसेट लावली. नानाजी ओसरीतून आत आले आणि शेजारी बसले. असे ते दोन वर्षांत पहिल्यांदाच बसले होते.

"काय म्हणून राहिली ती?" त्यांनी विचारलं.

"तुमाले नाई समजत?"

"मी कधी नीट ऐकलंच नाई वं."

पार्वतीबाई टेपजवळ सरकल्या. मग त्यांनी टेप मागे फिरवला. "मी सांगतो तसं माह्या मागून म्हणा," त्या म्हणाल्या.

टेप गुरगुरत होता आणि त्या एकेक वाक्य उलगडून सांगत होत्या. वरणात मीठ कुणी जास्त टाकलं. कुणाच्या सुनेची वेणी खोटी होती. नानाजी मांडी घालून त्यांच्या मागून म्हणत होते. वरण झालं, वेणी झाली. वेणीपाशी ते चुकले.

"पुन्हा म्हणा," पार्वतीबाई म्हणाल्या. रागावल्या नाहीत.

त्यांनी पुन्हा म्हटलं. बरोबर आलं. टेपमध्ये गोधडीखाली कुणीतरी जरा मोठ्याने गुरगुरलं, आणि पार्वतीबाईंनी त्यांच्या कोपराला ढोसलं.

"उठा."

"काहून?"

"इथं तुमी पळत जाता. मी रोज तुमचं पळनं धरूनच ऐकत होतो."

नानाजी उठले. गुडघे धरत, पण जमेल तेवढ्या घाईने स्वयंपाकघरात गेले. शेगडी थंड होती. ते तिच्यापुढे थोडा वेळ उभे राहिले, मग धोतराच्या टोकाने डोळे पुसले.

"चीक लागला नाई वं!" ते आतून ओरडले.

बाहेर पार्वतीबाई हसल्या की नाही, ते टेपच्या गुरगुरीत त्यांना नीटसं ऐकू आलं नाही.