आर्लेतबाईंची लाल पानं

सोमवारी सलून बंद असतं. त्या दिवशी दोन्ही पाय खुर्चीवर टाकून आर्लेतबाईंनी एकदाचं ठरवलं, की यंदा द्राक्षतोडणीच्या नाचात बसून राहायचं नाही. तीस वर्षं उभ्यानं लोकांचे केस कापून त्यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी आल्या होत्या. टेकडीवरचा विधुर द्राक्षवाला ओनोरे दरवर्षी त्यांना नाचायला विचारी. बाई पायांमुळे नाही म्हणत आणि घरी येऊन स्वतःवरच चिडत.

औषधांच्या दुकानातल्या मादाम कास्तेलनी सांगितलं, की द्राक्षाच्या लाल पानांत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं असतात, त्यांनी पायांचं जडपण उतरतं. शिरा मात्र जात नाहीत आणि धीर धरावा लागतो. गोळ्या तयार मिळत होत्या, पण चारी बाजूंनी द्राक्षबागा असताना गोळ्या कशाला, असं बाईंना वाटलं.

अडचण एवढीच, की पानं लाल होतात तोडणीनंतर, आणि नाच तीन आठवड्यांवर आलेला. बाई टोपली घेऊन फिरल्या तेव्हा ओनोरेच्याच बागेच्या कडेला काही वेली लालभडक दिसल्या. नशीब उघडलं म्हणत त्यांनी कुणाला न विचारता टोपली भरली. थोडी पानं उकळून पायांना पट्ट्या बांधल्या, उरलेल्यांची माळ ओवून सलूनमागच्या दोरीवर टॉवेलांशेजारी वाळत घातली. वेळेआधी पान लाल होणं म्हणजे वेलीला रोग, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मंगळवारी एका गिऱ्हाइकाला ती माळ दिसली. तो अर्धवट कापलेल्या केसांनिशी थेट वाइन सोसायटीत धावला. दुपारपर्यंत सगळे द्राक्षवाले सलूनसमोर जमले. हा रोग पसरला तर अख्खी बाग उपटावी लागते, त्यामुळे जो तो शेजाऱ्याकडे संशयाने बघू लागला. पानं कुणाच्या बागेतली, असं सगळे विचारत होते, पण बाई तोंड उघडेनात. ओनोरेसमोर चोरी कबूल करायची कशी? शेवटी सोसायटीच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, की गावातली वेल न् वेल तपासायची. तोडणी पुढे, नाच रद्द.

नाच रद्द म्हटल्यावर बाईंना राहवेना.

"तुझ्या बागेतली आहेत रे, ओनोरे," त्या म्हणाल्या. "मी चोरली."

ओनोरेचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी सगळ्यांना जागेवर नेलं. अकरा वेली निघाल्या, त्या संध्याकाळच्या आत उपटल्या. वेली तपासायला बोलावलेला तपासनीस म्हणाला, आणखी उशीर झाला असता तर टेकडीवरच्या सगळ्या बागा गेल्या असत्या. गावानं चोरी माफ केली आणि नाच ठरल्या दिवशीच ठेवला.

तीन आठवड्यांच्या पट्ट्यांनी बाईंचे पाय खरंच हलके झाले होते. वाद्यं सुरू झाली, तसा ओनोरे टोपी हातात घेऊन नेहमीसारखा आला आणि नाचायला येतेस का, म्हणाला.

"चल," म्हणत बाई उठल्या.

ओनोरे जागचा हलेना.

"आर्लेत, जरा बस ना."

"आत्ताच तर विचारलंस."

"दरवर्षी विचारतो, कारण तू दरवर्षी नाही म्हणतेस." त्यानं इकडेतिकडे बघून पँट गुडघ्यापर्यंत वर केली. त्याच्या गाठी बाईंच्या दुप्पट होत्या. "गाव मला सभ्य म्हणतं, आणि नाचावंही लागत नाही."

बाईंना आधी राग आला, मग हसू आवरेना. इतकी वर्षं त्या एकट्याच लपवत होत्या असं नव्हतं तर. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली.

"पाय वर घे. रोज सलून बंद झालं की येत जा, पट्ट्या बांधून देईन. पुढच्या वर्षी तुला नाचवते."

"रोज?"

"रोज."

ओनोरेनं पाय वर घेतले. नाच संपला, लोक घरी निघाले, तरी खाली घ्यायची त्याला काही घाई दिसली नाही.