काचेमागचे पाहुणे

"या वेळी मी कोणालाही सल्ला देणार नाही," असं अनुपने आख्ख्या बॅचसमोर जाहीर केलं आणि लगेच शेजारच्या सुरेंद्रला बजावलं की तूही देत जाऊ नकोस, त्याने नुकसान होतं, माझं ऐक!

असा हा तेलंगणातल्या बोथचा अनुप. मावल्याच्या समुपदेशन केंद्रात तो वर्षभराचं शिक्षण घेत होता. ज्या घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत, त्यांना समोरासमोर बसवून बोलतं करायचं, हे तिथे शिकवायचे. शिकवणाऱ्या भाग्यलक्ष्मी मॅडम मूळच्या तेलुगू. मराठी त्या याच पोरांकडून शिकल्या, म्हणून त्यांची मराठी थेट बोथच्या बाजारातली. त्यांचं एकच सांगणं असायचं, घरचं भांडण घरच्यायनं सोडवाव, तुमी फक्त बसाले जागा द्या अन् ऐका.

आता ऐकणं म्हणजे काय अवघड काम आहे हो? पण अनुपला ते जमेना. परीक्षा अशी, की एका खोलीत खरंखुरं कुटुंब आणि समोर अनुप. भिंतीत एक मोठी काच. खोलीतून बघितलं तर आरसा, आणि पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून मॅडमना, बॅचला आणि परीक्षकांना सगळं दिसणार, ऐकू येणार. पहिल्या वेळी अनुपसमोर एक सासू-सून बसल्या. त्या नीट टेकल्याही नव्हत्या, तोवर याने दोन चुली मांडायचा सल्ला दिला. दुसऱ्या वेळी दोन भाऊ आले. ते म्हाताऱ्या आईला कोणी सांभाळायचं म्हणून भांडत होते. अनुपने त्यांना शेताची वाटणी कशी करावी ते कागदावर काढून दाखवलं. भाऊ आले होते एका भांडणासाठी, घरी गेले दोन घेऊन.

आता ही तिसरी वेळ, म्हणजे शेवटची. पास झाला तर केंद्रातच समुपदेशकाची नोकरी. नापास झाला तर वडिलांच्या ट्यूशनमध्ये सातवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवायचे. वडील भगवानराव म्हणजे रिटायर हेडमास्तर. माणसं बोलती करायचं शिक्षण असतं आणि त्याला वर्ष लागतं, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं. आपल्या बापाने एकदा तरी 'बरं शिकलास' म्हणावं, एवढी एकच भूक अनुपला होती. नोकरी त्याच्या खालोखाल.

पण कुटुंब आणायचं कुठून? बोथमध्ये 'समुपदेशन' म्हटलं की लोक दारातूनच हाकलायचे. आमच्या घरात काय येडे भरले का, असं विचारायचे. म्हणून या वेळी अनुपने तो शब्दच तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं. इथेच खरी माती खाल्ली.

त्याने गाठलं मोतीरामला. मोतीराम तहसीलमध्ये कारकून. दरख्वास्त, मुआयना, तामील असल्या कचेरीतल्या उर्दू शब्दांशिवाय त्याचं पान हलत नसे. मोतीराम आणि त्याची बायको प्रयागबाई बरेच दिवस एकमेकांशी बोलत नाहीत, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. अनुपने ऑफिसात जाऊन जय भीम घातला आणि अदबीने सांगितलं की एकदा तुमच्या घरी येऊन सगळ्यांची माहिती घेतो, मग तुम्ही सगळे मावल्याला या, आपण बसून बोलू, आमची मोठी माणसं काचेमागून बघतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

मोतीरामने चष्म्यावरून त्याला खालून वर न्याहाळलं आणि रविवारचा वायदा दिला.

रविवारी अनुप मोठा कागद घेऊन हजर. समुपदेशनात आधी घरच्या तीन पिढ्यांचा नकाशा काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. अनुपने विचारायला सुरुवात केली. आजोबांचं गाव कोणतं, मामाकूळ कोणतं, मावश्या कुठे दिल्या, घरात कोणाला शुगर आहे का, कोणी पिणारं आहे का, कोणाचं लग्न मोडलंय का. आता मला सांगा, लग्नाच्या वयाची मुलगी घरात असताना, लग्नाच्या वयाचा पोरगा येऊन मामाकूळ आणि शुगर विचारायला लागला तर त्याला आपल्याकडे काय म्हणतात? बरं, मुलगी अर्पिता चहा घेऊन आली तेव्हा हा बहाद्दर तिच्या गोलाकडे बोट दाखवून म्हणतो कसा, "हिचं लग्न झालेलं नाही ना? मग हिच्या बाजूला थोडी जागा सोडतो."

प्रयागबाईंना गहिवरून आलं. एवढा सरळ पोरगा त्यांनी पाहिला नव्हता. मध्ये कोणी मध्यस्थ नाही, की लपवाछपवी नाही. त्याच दुपारी मोतीरामने भगवानरावांना फोन लावला, तुमच्या चिरंजीवांनी घराचा, पोरीचा सगळा मुआयना केला, म्हणजे पाहणी झाली, आता मावल्याची बैठक तेवढी राहिली म्हणून कळवलं. भगवानराव खूश! पोराने लाजून घरी सांगितलं नाही, तर आपणही कळू द्यायचं नाही, ऐन वेळी जाऊन उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं. अनुपला यातलं काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मोतीरामची जीप केंद्रासमोर थांबली. मोतीराम नव्या सफारीत. प्रयागबाई ठेवणीतल्या लुगड्यात, हातात चिवड्या-लाडवांचे डबे. अर्पिता जरीच्या साडीत, आणि चेहरा असा की कुणीतरी कडू कारलं चावायला दिलंय. समुपदेशनाला एवढं नटून आलेलं कुटुंब अनुपने कधी बघितलं नव्हतं. माणसं किती मनापासून आलीत, असं वाटून त्याची छाती फुगली.

तिकडे मागच्या दाराने भगवानराव आले, पांढरेशुभ्र कपडे आणि हातात पेढ्यांचा पुडा. त्या दिवशी हैदराबादहून मराठी जाणणारे परीक्षक यायचे होते. दारात सुरेंद्र उभा होता. भगवानरावांनी भारदस्त आवाजात विचारलं, आज अनुपचा कार्यक्रम आहे ना? सुरेंद्रने त्यांना वाकून नमस्कार केला आणि काचेमागे पहिल्या खुर्चीत, मॅडमच्या शेजारी नेऊन बसवलं.

मुलगी बघायची ही पद्धत भगवानरावांना फार आवडली. मुलीला संकोच नाही, आपल्यालाही नाही. समोर प्रयागबाई अर्पिताला ओढून आरशाजवळ आणत होत्या, पदर सारखा करत होत्या, जरा उजेडात उभी राह्य म्हणून कानात सांगत होत्या. मॅडमनी वहीत लिहून घेतलं की आई मुलीला सतत पुढे करते.

"पोरगी कशी वाटते तुमाले?" भगवानरावांनी हळूच विचारलं.

परीक्षक आपलीच परीक्षा घेतायत असं मॅडमना वाटलं. त्या सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "सगळ्या घराचं ओझं ती एकटी उचलते, सर."

"म्हणजे कामसू हाय," भगवानराव म्हणाले आणि समाधानाने मागे टेकले.

इकडे अनुपने घसा साफ केला. पहिला प्रश्न त्याने पाठच केला होता. आज तुम्ही इथे कोणती आशा घेऊन आलात, असं त्याने विचारलं.

मोतीराम उठून उभा राहिला. "आशा एकच हाय जी. पोरगी तुमाले पसंत असंन तर आमच्याकडून होकार हाय."

अनुपच्या तोंडाचं पाणी पळालं. डोळ्यांपुढून तो कागद, ते गोल, ती सोडलेली जागा सगळं सरकलं. काहीतरी बोलायला हवं होतं. ओठ हलले, पण आवाज काही निघेना. ज्याला झोपेतही गप बसता येत नसे, त्याची वाचाच बसली!

खोलीत शांतता पसरली. ती इतकी वाढली की अर्पितालाच सहन होईना.

"मले कोणी इचारलं का?" ती म्हणाली. "मले बासरच्या कॉलेजात लायब्ररीत नोकरी लागली, सोमवारी जाणं हाय. तुमी दोघं त्याच्यावरूनच भांडले अन् तेवापासून एकमेकायशी बोलत नाई. बाबा म्हणते, आईले सांग चहा ठेव. आई म्हणते, बाबाले सांग साखर सरली. मी का तुमच्या घरची टपालवाली हावो?"

प्रयागबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि त्या अनुपकडे वळल्या. नवऱ्याशी थेट बोलायची सवय तुटली होती ना! "यायले सांगा, पोरगी बासरले गेली तं मी घरात कोणाशी बोलू?"

आता हा निरोप पोचवायचा कुणी? अनुप पुतळ्यासारखा. मोतीरामही त्याच्याकडेच वळला. "तिले सांगा, मी हाव ना घरात."

अनुप पुन्हा गप. आता त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. दोघंही त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. निरोप्याच मुका झाल्यावर बिचाऱ्यांनी करायचं काय? शेवटी मोतीरामने खुर्ची थोडी वळवली आणि खाली मान घालून, अगदी बारीक आवाजात तो म्हणाला, "माझ्याशी बोल ना, प्रयागा."

प्रयागबाई आधी रडल्या. मग बोलायला लागल्या. आणि एकदा लागल्या त्या लागल्याच. पोरीला घालवायची घाई तुम्हालाच झाली होती, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं तुलाच झाली, असं तो म्हणाला. घाई दोघांनाही नव्हती. पोर लांब जाणार म्हणून दोघंही धास्तावले होते, आणि नोकरीपेक्षा लग्न बरं, मुलगी बोथमध्ये तरी राहील, असा हिशेब दोघांनी वेगवेगळा करून ठेवला होता. अर्पिता मधे बसून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. किती दिवसांनी तिला कुणाचा निरोप न्यायचा नव्हता. सोमवारी बासरला पोचवायला दोघांनी मिळून जायचं, हेही तिथेच ठरलं.

काचेमागे सगळी बॅच डोळे पुसत होती. "चाला बागुंदी, चाला बागुंदी," फार छान, फार छान, असं मॅडम तेलुगूत पुटपुटत होत्या. "पाहा, कसा गप बसला हाय. अशी शांतता मले स्वतःले जमली नाई." भगवानरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

खोलीत मोतीराम अनुपकडे वळला आणि ओशाळून म्हणाला की आमचंच चाललं, तुमच्या गोष्टीचं राहूनच गेलं. यावर अर्पिता म्हणाली, "मानूस भला दिसते. पण मले पसंत नाई. बसला तेवापासून एक शब्द बोलला नाई. अशा मुक्याशी कोण संसार कराव?"

खोटं कशाला बोला, अनुपला लागलं. तो गोल काढताना त्याने काही मनात आणलं नव्हतं, पण नकार तो नकारच. त्याहीपेक्षा जास्त लागलं ते काचेमागे. धाडकन दार उघडलं आणि पेढ्यांच्या पुड्यासकट भगवानराव आत आले.

"बाई, मुका नाई तो!" ते कळवळून म्हणाले. "घरी याचं तोंड एक घडी बंद राह्यत नाई. तू एक वेळ घरी येऊन तं पाह्य!"

त्यांच्यामागून मॅडम धावल्या. सर, सर, परीक्षकांनी आत जायचं नसतं, असं त्या विनवत होत्या. कोण परीक्षक, मी पोराचा बाप, असं भगवानराव म्हणाले. मग कुणी कुणाला काय समजलं होतं, हे सगळ्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. त्यात चिवडा संपला, लाडू संपले. जीप सुटताना प्रयागबाई मागे अर्पिताजवळ न बसता पुढे मोतीरामशेजारी बसल्या आणि हात हलवायचं विसरून त्याच्याशीच बोलत राहिल्या.

खरे परीक्षक संध्याकाळी पोचले. त्यांनी रेकॉर्डिंग बघितलं आणि अनुपला पास केलं. एवढा संयम आपण कुठल्याच विद्यार्थ्यात पाहिला नाही, असा शेराही मारला. मॅडमनी एक तारखेपासून कामाला ये म्हणून सांगितलं. खरं काय ते सांगून टाकावं असं अनुपला वाटलं, पण तेवढं मात्र त्याने गिळलं.

घरी जाताना गाडीवर मागे भगवानराव. मावला मागे पडल्यावर त्यांनी अनुपच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं शिकला बापा तू," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "तुही माय अन् मी... आमालेई एक डाव बसव तिथं. आमचंई बोलनं भाजीच्या पिशवीपुरतंच राह्यलं."

अनुपचे डोळे भरून आले. घरच्या माणसांना स्वतः बसवायचं नाही, मॅडमकडे पाठवायचं, असा नियम होता. तेवढंच सांगून गप बसायला हवं होतं. मॅडमनी वर्षभर दुसरं शिकवलं तरी काय होतं?

"बाबा," अनुप म्हणाला, "त्यापेक्षा तुमी असं करा. सकाळी चहाच्या टायमाले पेपर खाली ठेवत जा. आईच्या भाजीले नाव ठेवू नका. मामाच्या गावाचं काढू नका. अन् ट्यूशन बंद करून टाका, तेच मूळ हाय सगळ्याचं. दुसरी गोष्ट..."

वाटेतलं गुडीहतनूर आलं तरी दुसरी गोष्ट संपली नव्हती. भगवानरावांनी खांद्यावरचा हात केव्हाच काढून घेतला होता.

"समोर पाह्य," ते म्हणाले, "अन् गाडी चालव."