बघायला आलेला कॉफीबार

मोन्तेरा शहरात गिऱ्हाईक कॉफीबार निवडत नाही. कॉफीबार गिऱ्हाईक बघायला येतो. हे मला सहल कंपनीने निघण्याआधी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

पहिल्याच सकाळी गल्लीच्या टोकाला हिरव्या दाराचा एक बार दिसला. आत उंच स्टुलं, संगमरवरी फळी आणि ताज्या कॉफीचा असा वास, की माझे पाय आपोआप तिकडे वळले. मी उंबऱ्याशी पोचताच दार बंद झालं. अगदी अदबीने, पण बंद.

घरमालकीण ब्रूनाबाईंनी माझी समजूत घातली. "कालिंदीबाई, असं थेट जायचं नसतं हो. तुम्हाला अजून कुणी पाहिलेलं नाही. मी निरोप पाठवते, गुरुवारी संध्याकाळी येतील. जरा बरी साडी नेसा."

मी सांगलीची, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. तरुणपणी मला इतक्या जणांनी चालायला लावलं, की आमच्या बैठकीच्या सतरंजीवर माझी पायवाट पडली होती. सगळे "कळवतो" म्हणून गेले. कुणी कळवलं नाही. पुढे मी तो प्रकारच बंद केला आणि सुखाने राहिले. आता स्वतःच्या पेन्शनीवर परदेशी आले तर इथेही तेच? मला भयंकर राग आला. पण कॉफी हवी होती, आणि त्याच बारची हवी होती.

गुरुवारी बार आला. जिना अरुंद, त्यामुळे फळी तिरकी करून आत घ्यावी लागली. सोबत शेजारची बेकरी होती. ती त्याची आत्या. बार सोफ्यावर गप्प बसून मंद वाफ सोडत राहिला. बोलणं सगळं आत्याने केलं.

"साखर?"

"एक चमचा."

"उभ्याने पिता की बसून?"

"बसून."

"पहिल्या घोटाआधी बोलायची सवय?"

"कुणी नको ते विचारलं तर."

"बरं, भरला कप घेऊन जरा चालून दाखवा."

ब्रूनाबाईंनी माझ्या हातात कपबशी दिली. मी चालले. थेंबही सांडला नाही. मग बसले, आणि घरच्या सवयीने कॉफी बशीत ओतून, फुंकर घालून प्यायले. बारची वाफ थांबली. आत्याने शटर अर्धं खाली ओढलं.

"आम्ही कळवतो," ती म्हणाली.

मी बशी खाली ठेवली. "बसा. आता मला बघू दे. तुमच्या मुलाला चालून दाखवायला सांगा."

"आमच्यात तशी पद्धत नाही."

"आमच्यातही नव्हती. आजपासून आहे."

आत्या काही बोलायच्या आत बार उठला. खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. त्याचं एक स्टूल जरा लंगडत होतं. मी ते पाहिलं आणि पाहिल्याचं लपवलं नाही, कारण माझ्या वेळी कुणी काही लपवलं नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी कळवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रूनाबाई खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "अहो, तो खाली उभा आहे. फळी पुसून आलाय."

"राहू दे," मी म्हटलं आणि पडदा ओढला. पाकिटातली कॉफी गरम पाण्यात ढवळली. ती घशाखाली उतरेना.

दुपारभर तो उन्हात उभा होता. त्याला आठवडाभर तसाच ठेवायचा माझा विचार होता. पण निरोपाची वाट बघणं काय असतं ते मला ठाऊक आहे. चहाच्या वेळेला मी पायात चपला सरकवल्या आणि खाली उतरले. आत्याही त्याच्या शेजारी येऊन उभी होती.

"मला पसंत आहे," मी म्हटलं. "पण बशी मिळाली पाहिजे."

बारने भस्सकन वाफ सोडली.

"हे होच समजा," आत्या म्हणाली.

दार उघडलं. मी आत गेले आणि त्या लंगड्या स्टुलावर बसले.