कादिरभाईंची सही

कुणावर लिहावं इतका मी मोठा नाही. आमच्या पोलादपूरच्या वाडीतून कॉलेजला गेलेला घरातला मी पहिलाच, आणि अजून शिकतोच आहे. तरी कादिरभाईंबद्दल लिहायचं धाडस करतो. चुकलं तर माफ करा.

ऑफिस बंद करताना कादिरभाई कुलपाला तीनदा हिसका देत. एकदा तर वीर स्टेशनला पोचलेली रिक्षा वळवून ते महाडला परत आले. चौथा हिसका द्यायला! चहावाल्यानं "साखर टाकली हाय" म्हटलं, तरी चमच्यानं कपाचा तळ खरवडून बघत.

महाडच्या त्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात मी कॉलेज सांभाळून काम करायचो. ट्रकवाल्यांना रस्ता दाखवणारं अ‍ॅप आम्ही बनवलं होतं. एकानं लिहिलेला कोड दुसऱ्यानं तपासायचा आणि वहीत सही करायची, मगच तो पुढे जाई. माझं काम कादिरभाई तपासत.

"चालतंय, कादिरभाई."

"तुझ्या तोंडात चालतंय रे. मशीनवर चालव!"

पावसाळ्यात वरंध घाट बंद झाला. तो रस्ता अ‍ॅपमधून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी ते केलं, पण चालवून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपर होता. तेवढ्यात कादिरभाईंना घरून फोन आला. अम्मीला चक्कर आली होती. पिशवी उचलत त्यांनी विचारलं, "तपासलंस?"

"हो."

त्यांनी वही पुढे ओढली. "तू बोलतोस, मग झालं." आणि काहीही न उघडता त्यांनी सही केली.

सकाळी तीन ट्रक बंद घाटाच्या तोंडाशी जाऊन अडकले. दुपारी मी पेपर देऊन आलो, तेव्हा साहेबांनी वही उघडली. "कुणी तपासलं हे?"

"मी," कादिरभाई म्हणाले. "नीट बघितलं नाय."

मी मान खाली घालून कीबोर्ड पुसत होतो.

त्यांना काढलं. शेवटच्या दिवशी त्यांनी कुलूप लावलं, हिसका मात्र दिला नाही. किल्ली माझ्या हातात ठेवली. "बघ रे तूच."

त्यांना फोन करून खरं सांगायचं, असं मी रोज ठरवायचो. केला नाही.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. बाई म्हणाल्या, "कादिर सरांनी तुमचं नाव सुचवलंय. इथे ते सगळ्यांचं काम तीन-तीनदा तपासतात, आम्ही वैतागलोय. पण तुमच्याबद्दल म्हणाले, त्याच्या शब्दावर मी सही करतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? ऐकताय ना?"

"मॅडम," मी म्हणालो, "ते तिथे असतील तर जरा फोन देता?"