गरीब वरच्या वळणावर राहतात

आपण वंचित आहोत की नाही, हे माणसाला आपलं आपण कळत नाही. त्यासाठी अर्ज भरावा लागतो.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, टर्की फोर्क नावाच्या ओढ्याकाठी, डेला स्टिल्टनरला हे वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या अर्जात एक चौकोन होता : ‘आपण स्वतःला वंचित समजता काय?’ हो म्हटलं, तर खाली तेराशे अक्षरांत कारण द्यायचं. (अक्षरांत मोकळ्या जागाही धरल्या होत्या. दुःख सलग लिहिलं तर जास्त मावतं.)

प्रश्न साधा नव्हता. रसायनशास्त्रात डेलाला जेमतेम गुण होते, कारण त्या वर्षी वडील आजारी पडले आणि ती पेट्रोल पंपावर कामाला राहिली. ही गोष्ट अर्जात सांगायला त्या चौकोनाखेरीज जागाच नव्हती. चौकोन कोरा ठेवला, तर पहिल्याच चाळणीत ती गळणार होती. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

कॉलेजातल्या सल्लागार प्रुइटबाईंनी आदल्या दिवशी मार्गदर्शन केलं होतं. “हे बघ पोरी, वडिलांची फुप्फुसं पहिल्या ओळीत घाल. परीक्षक शेवटपर्यंत वाचत नाहीत.” नमुन्यादाखल त्यांनी प्रेस्टन नावाच्या मुलाचा निबंध दाखवला. हा दंतवैद्याचा मुलगा. तळ्याकाठच्या त्यांच्या दुसऱ्या घरात इंटरनेट फार मंद होतं, आणि तिथे त्याचे सलग तीन उन्हाळे गेले. तो निबंध लिहून देताना पगारी सल्लागाराला रडू आलं होतं. (रडणं शुल्कात समाविष्ट होतं.)

डेलाने दुपारी जेवताना वडिलांपाशी विषय काढला. होबार्ट स्टिल्टनर एकतीस वर्षं कोळशाच्या खाणीत होते; आता नाकात प्राणवायूची नळी घालून खुर्चीत असत.

“वंचित?” ते म्हणाले. “कुठल्या रात्री उपाशी झोपलीस गं तू?”

“कधीच नाही, डॅडी.”

“मग? गरीब बघायचेत तर वरच्या वळणावर जा. बघून ये, मग लिही काय ते. आणि रिकाम्या हातांनी जाऊ नकोस. शेंगांच्या दोन बरण्या घे.”

कोणताही निर्णय पाहणीवर आधारलेला असावा, हे शास्त्र डेला शिकली होती. ती बरण्या हातगाडीत घालून ओढ्याच्या काठाने वर निघाली.

वरच्या वळणावर ओपल मलिन्स राहत. त्यांच्या अर्ध्या छपरावर निळी ताडपत्री होती.

“गरीब? आमच्यात?” ओपलमावशी हसल्या. “ताडपत्री होय? अगं, वारा खेळता राहतो. गरीब त्या पुढच्या वळणावर. थांब, त्यांच्यासाठी ही गोधडी ने. बिचारे!”

पुढच्या वळणावर क्लोव्हिस रॅटलिफ झऱ्यावरून बादलीने पाणी आणत होता. नळाचं पाणी त्याला मानवत नसे. (नळ नव्हता; पण असता तरी मानवलं नसतं, याची त्याला खात्री होती.) “माझं उत्तम चाललंय,” तो म्हणाला. “पण वरच्यांचे हाल बघवत नाहीत गं.” त्याने डुकराची अर्धी खारवलेली मांडी गाडीत ठेवली.

अशी अकरा घरं. पाहणीचा निष्कर्ष : अकरापैकी अकरा घरं सुखवस्तू, गरिबी शंभर टक्के, पण पुढच्या वळणावर. गाडी मात्र दर वळणाला भरल्या भांड्यांनी जड होत गेली.

शेवटी, रस्ता संपतो तिथे, जुन्या शाळेच्या बसमध्ये अ‍ॅन्सेल कोम्ब्स राहत होते. त्यांना डोळ्यांनी फार कमी दिसे.

“चर्चमधून आलीस का गं बाळ? गरीब शोधतेस? अगं, माझ्या वर फक्त डोंगर आहे.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “पण खाली पुलापाशी एक घर आहे बघ. बाप नळी लावून बसलेला, पोरगी एवढी घोडी झाली तरी शिकतेच आहे. फार वाईट चाललंय त्यांचं. ही सहा अंडी दे त्यांना. मी दिली म्हणून सांगू नकोस हं, माणसं मानी आहेत.”

पुलापाशी एकच घर होतं.

उतार असल्यामुळे डेला लवकर घरी पोचली. तिने सगळं ओट्यावर मांडलं.

“काय गं, गरीब भेटले नाहीत?” वडिलांनी विचारलं.

“पत्ता मिळाला, डॅडी.”

“मग त्यांना द्यायचं सोडून इकडे कशाला आणलंस?”

“त्यांच्याच ओट्यावर ठेवलंय.”

होबार्टनी गोधडी पाहिली, मांडी पाहिली. मग अंडी पाहिली.

“ही अ‍ॅन्सेलची. त्या म्हाताऱ्याकडे कोंबडी एकच आहे.” त्यांनी नाकातली नळी सारखी केली. “किती वाजले?”

“पावणेपाच.”

“मग कर खूण. पण खाली लिही, की सगळ्यांची भांडी आम्ही भरून परत करू.”

डेलाने खूण केली. पेट्रोल पंपाचं लिहिलं. फुप्फुसं शेवटच्या ओळीत गेली, कारण त्याआधी अंडी आली.

सहा आठवड्यांनी समितीचं उत्तर आलं : ‘अर्जदारास शेजाऱ्यांचा भक्कम व नियमित आधार असल्याचे निवेदनावरून दिसून येते. सबब दावा अमान्य. अर्ज सर्वसाधारण गटात वर्ग करण्यात येत आहे.’ प्रेस्टनचा दावा मान्य झाला. त्याला कोणी अंडं आणून दिल्याचा पुरावा कुठेच नव्हता.

सर्वसाधारण गटाची चाळणी दुसऱ्याच दिवशी झाली. डेला पुन्हा पंपावर जाऊ लागली. पुढच्या वर्षीचा अर्ज तिने मागवून ठेवला आहे.

इथे वाचकांना तिच्याबद्दल हळहळ वाटली असेल, तर ते उचितच आहे (असं मला वाटतं, चूकही असेल). हळहळणाऱ्याने दोन बरण्या घ्याव्यात आणि वरच्या वळणाकडे निघावं. फक्त निघताना एकदा स्वतःच्या दारात पाहावं. तिथे कोणी काही ठेवून गेलं असेल, तर ते चुकून ठेवलेलं नाही.