तापोलीची अथांग नदी

एक जंगल होतं, बालमित्रांनो, आणि त्यात झाडं नव्हती. पण सरकारी नकाशात ते हिरव्या रंगाने रंगवलेलं होतं. म्हणून सगळे त्याला जंगलच म्हणत. झाड म्हणाल तर नदीच्या घाटावर एक बाभूळ होती. तिची सावली दुपारी बारा वाजता तिला स्वतःलाच पुरत नसे.

त्या घाटावर तापोली नावाचं शहर होतं. वाळवंटाकडून उंट यायचे, मीठ आणि खजूर घेऊन. पलीकडच्या काठावर रेडे यायचे, ज्वारी आणि गूळ घेऊन. मध्ये वाकी नदी. कासवं तो माल पाठीवर घेऊन इकडचा तिकडे, तिकडचा इकडे करायची. शहर म्हणजे इतकंच. पण ते चांगलं चाललं होतं.

चालण्याचं कारण सांगतो. तापोलीत जमिनीवर सौदा करायची पद्धत नव्हती. उन्हाने डोकी तापतात आणि तापलेल्या डोक्यांचे सौदे फिसकटतात. म्हणून घेणारा आणि विकणारा, दोघेही नदीत गळ्याइतक्या पाण्यात बसायचे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आडवे व्हायचे. एखाद्याला राग आलाच, तर तो तरातरा बाहेर निघायचा. बाहेर पाऊल पोळलं की परत येऊन बसायचा. "बरं, तुमचं काय म्हणणं होतं?" असं विचारायचा. शंभर वर्षांत तिथे एकही मारामारी झाली नव्हती.

घाटावर काशाबाई नावाची एक साळू बसायची. साळूच्या पाठीवर काटे असतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काशाबाई व्यापाऱ्यांना पत्रं लिहून द्यायची. लेखणी लागली की पाठीवरचा एक काटा उपटायची. उपटताना दुखायचं. त्यामुळे ती एकही शब्द जास्तीचा लिहीत नसे.

तिच्या शेजारी धोंडूकाका नावाचं कासव विसाव्याला थांबायचं. वय एकशे दहा. वैशाखात त्यांची पाठ इतकी तापायची, की वरची गुळाची ढेप पाझरायला लागायची.

"काका, पाठीवर ओला गोणपाट टाकू?" काशाबाई विचारायची.

"टाक," काका म्हणायचे. "तोही वाळेल. पण टाक."

गोणपाट खरंच घटकाभरात वाळायचा. काशाबाईला ते बघवायचं नाही.

एके दिवशी राजधानीहून हुकूम आला. प्रत्येक शहराने आपला परिचय चार पानांत लिहून पाठवावा. ज्याचा परिचय उत्तम, ते आदर्श नगर. बक्षीस म्हणून घाटावर शंभर खांबी मांडव बांधून मिळेल.

तापोलीचे नगराध्यक्ष हसमुखराव हे तरस होते. ते सदैव हसत. आनंद झाला तरी हसत, संताप आला तरी हसत. त्यामुळे त्यांच्या कारभारावर कुणाची नाराजी असली तरी ती बोलून दाखवायची वेळ कोणती, ते कळत नसे. त्यांनी काशाबाईला बोलावून परिचय लिहायला सांगितला.

काशाबाईने तीन दिवस लिहिलं. अर्ध्या पानात संपलं.

"तापोलीत ऊन फार. वैशाखात दगडावर भाकरी भाजते. पाऊस थोडा, तोही आला तर. नदी आहे. पावसाळ्यात छातीभर, उन्हाळ्यात गुडघाभर. हा गुडघा उंटाचा समजावा. लोक पाण्यात बसून व्यवहार करतात, म्हणून भांडत नाहीत. बाकी काही नाही."

हसमुखरावांनी ते वाचलं आणि पोट धरून हसले. मग म्हणाले, "हे असं पाठवायचं?"

"सगळं खरं आहे, साहेब."

"खरं आहे म्हणूनच विचारतोय. 'ऊन फार' हे काय? 'वर्षभर लख्ख सूर्यप्रकाश' असं लिहा."

काशाबाईने लिहिलं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

"भाकरीचं काढा. गरिबी दिसते. पाण्यात बसून व्यवहार, तेही काढा. राजधानीतले लोक म्हणतील, यांच्याकडे खुर्च्या नाहीत."

"पण साहेब, शहर त्याच्यावरच तर चाललंय."

"म्हणूनच ते सगळ्यांना सांगायचं नसतं. आता नदी. गुडघाभर नदीला कोण बक्षीस देणार? अथांग लिहा."

काशाबाईचा हात थांबला. "अथांग म्हणजे तळ लागत नाही, साहेब. आपली कासवं चैत्रात नदी चालत ओलांडतात."

"राजधानीतले लोक तळाला कशाला जातील?" हसमुखराव हसले. "काशाबाई, मांडव कुणासाठी आहे? माझ्यासाठी? मी तर कचेरीत बसतो."

ते खरं होतं. काशाबाईने खिडकीतून बाहेर बघितलं. धोंडूकाका मिठाच्या दोन गोण्या घेऊन घाट चढत होते. दर चार पावलांनी मान आत घेत होते. मान आत घेतली की थोडी सावली मिळते, म्हणून.

तिने पाठीवरचा एक काटा उपटला. या वेळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं. मग तिने सुवाच्य अक्षरात लिहिलं, "तापोलीची वाकी नदी अथांग आणि बारमाही आहे."

एकदा तेवढं लिहून झाल्यावर पुढचं सोपं गेलं. चार पानं भरली. किनाऱ्यावर आमराया आल्या. गार वारे सुटले. शेवटी शेवटी तर हसमुखरावांना सांगावंही लागलं नाही.

बक्षीस तापोलीलाच मिळालं. ढोल वाजले. महिन्याभरात मांडवाचे खांब आले. त्यांच्या मागोमाग राजधानीचे मुख्य अभियंता आले. ते हत्ती होते. त्यांच्या काखोटीला कागदांचं जाड पुडकं होतं.

"अभिनंदन," ते म्हणाले. "तुमच्याकडे पाणी भरपूर आहे, हे वाचून राजधानीला फार समाधान वाटलं. वरच्या अंगाला हिरवडी नावाचं शहर आहे. त्यांच्याकडे अजिबात नाही. तेव्हा नदीला वर बांध घालून पाणी हिरवडीला द्यायचं ठरलं आहे."

हसमुखराव हसले. या खेपेला ते कशाचं हसू होतं, ते त्यांनाही कळलं नसावं.

काशाबाई मात्र पुढे आली. "हिरवडीला पाणी नाही? साहेब, हिरवडीत दोन तळी आहेत. तिथले बेडूक चालताना धापा टाकतात, इतके माजलेत!"

अभियंत्यांनी पुडक्यातून एक कागद काढला. "हिरवडीचा परिचय. वाचतो. 'आमची लेकरं पहाटेचं दव चाटून मोठी होतात. पाणी हा शब्द आम्ही त्यांना चित्र काढून शिकवतो.' हे वाचून महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. दरबारातलं तेवढंच एक पाणी हिरवडीला देता येईना, म्हणून हा बांध."

"ते खोटं आहे, साहेब."

"आणि हे?" त्यांनी दुसरा कागद तिच्यापुढे धरला. "वाकी नदी अथांग आणि बारमाही आहे. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच. पण तेही खोटं आहे. मीच लिहिलंय, म्हणून मला माहीत आहे. चला, नदी इथून पन्नास पावलांवर आहे. तुमचा घोटासुद्धा बुडायचा नाही."

हत्ती दुखावल्यासारखे झाले. "बाई, मी कागद तपासायला आलो आहे. नदी तपासायचं खातं वेगळं आहे. आणि समजा मी नदीत उतरलो, आणि घोटा बुडाला नाही, तर त्याचा अर्थ काय? माझा घोटा फार उंच आहे, इतकाच. लेखी काही आहे?"

काशाबाईजवळ पहिलं अर्धं पान होतं. तिने धावत जाऊन ते आणलं. अभियंत्यांनी ते लक्षपूर्वक वाचलं.

"याच्यावर शिक्का नाही," ते म्हणाले. "शिवाय हे फारच त्रोटक आहे. चार पानं जास्त विश्वासार्ह वाटतात."

आश्विनात बांध पुरा झाला. मांडवही त्याच आठवड्यात पुरा झाला. मांडव सुरेख होता. शंभर खांब, वर जाड शाकारणी, खाली गारवा. त्याच्यापुढे कोरडी वाळू होती.

उंट आता वाळूतून सरळ पलीकडे जाऊ लागले. त्यांना कासवं लागेनात. सौदे वाळूवर होऊ लागले. पहिल्याच आठवड्यात एका उंटाने एका रेड्याला चावा घेतला, तो गुळाच्या भावावरून. दुसऱ्या आठवड्यात बाजार बंद राहिला. मांडवात बसून बोलू, असं काशाबाईने सुचवून पाहिलं. पण मांडवातून रागावून निघून जाणं फार सोपं होतं. फाल्गुनापर्यंत व्यापारी एकेक करून हिरवडीला गेले. तिथे आता तीन तळी होती. हसमुखरावही गेले. त्यांना तिथे सल्लागार नेमलं होतं.

वैशाख आला. धोंडूकाका मांडवात बसून होते. त्यांच्या पाठीवर काहीच नव्हतं.

काशाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "काका, ते मी लिहिलं. तुमच्या पाठीसाठी लिहिलं."

काकांनी मान बाहेर काढली, छताकडे बघितलं.

"सावली छान आहे, काशे," ते म्हणाले.

ते टोमणा मारत नव्हते. त्यामुळे काशाबाईला जास्तच रडू आलं. तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एकशे दहा वर्षांत पहिल्यांदाच ती पाठ वैशाखात गार होती.

"आता कुठं जायचं, काका?"

"पाणी गेलं तिकडं. मला दुसरं काय येतं?"

दोघं कोरड्या पात्रातून वर निघाली. कासवाच्या चालीने हिरवडीला पोचायला सव्वा महिना लागला. तळ्याच्या काठी पोचताच काका पाण्यात शिरले आणि दिसेनासे झाले. काशाबाई घाबरली. थोड्या वेळाने बुडबुडे आले, मग काकांचं डोकं आलं. शंभर वर्षांपूर्वी ते असेच दिसत असावेत.

दुसऱ्या दिवशी हिरवडीचे नगराध्यक्ष काशाबाईला भेटायला आले. ते बेडूक होते आणि खरोखरच धापा टाकत होते.

"तुमचं अक्षर फार वळणदार आहे असं ऐकलं," ते म्हणाले. "यंदाचा परिचय पाठवायचा आहे. लिहाल?"

काशाबाईने पाय तळ्यात सोडले. समोर काका पाठीवर ज्वारी घेऊन पोहत होते. पाणी त्यांच्या पाठीवरून ओघळत होतं. तिने एक काटा उपटला आणि लिहिलं.

"हिरवडीत पाणी नाही. असह्य ऊन. कुणी बोलायला तोंड उघडलं, तर आत धूळ जाते."

बेडकांनी वाचलं. "छान. पण थोडं आणखी कोरडं करता आलं तर बघा."

काशाबाईने दुसरा काटा उपटला.

तात्पर्य : मुलांनो, खोटं कधीही बोलू नये. बोलावंच लागलं, तर आपल्याकडे काय नाही याबद्दलच बोलावं. आहे म्हणून जे सांगाल, ते न्यायला कुणी ना कुणी येतंच. आणि येताना तुमचाच कागद घेऊन येतं.