देवमाणूस जिंकू लागला तेव्हा

आपला नवरा लबाड आहे ही बातमी ओपल क्रेनशॉला भाजीच्या दुकानात, भेंडी निवडताना कळली. गल्ल्यावरच्या बाईनं नेहमीसारखं "कोच कसे आहेत?" असं न विचारता डोळे बारीक करून विचारलं, "मग? कसं जमवतात हो हे सगळं?"

"काय सगळं?"

"हेच. जिंकणं."

ओपल भेंडी तिथंच टाकून घरी आली.

आमच्या हॉलोवेलमध्ये चार चर्च, एक सिग्नल आणि एक कॉलेज आहे. अलाबामात ज्या गावाला कॉलेज त्या गावाला फुटबॉल, आणि फुटबॉल म्हणजे चेंडू काखोटीला मारून, हेल्मेट घालून एकमेकांवर धडकायचा आमचा खेळ. विल्बर क्रेनशॉ आठ वर्षं आमच्या संघाचा कोच होता आणि आठही वर्षं इमानेइतबारे हरत होता. त्याच्याइतका सज्जन माणूस राज्यात नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. समोरचे कोच तर त्याच्यावर जीव टाकायचे. पन्नास गुणांनी धुऊन काढलं की मिठी मारायचे आणि दुसऱ्या दिवशी ओपलला पीचचा केक पाठवायचे.

यंदा पहिले दोन सामने रीतीप्रमाणे हरले. मग काय झालं कोण जाणे, पुढचे सात सलग जिंकले. केक यायचे बंद झाले. आणि आमचंही सांगतो, लपवत नाही. पहिले चार विजय आम्ही रस्त्यात नाचून साजरे केले. पाचव्याला एकमेकांकडे पाहिलं. सहाव्याला आम्हीच म्हणायला लागलो, की कुठंतरी पाणी मुरतंय. आपला माणूस स्वतःच्या अकलेनं जिंकू शकतो, एवढा आमचा आमच्यावर विश्वास नाही.

खरं काय ते फक्त विल्बरला ठाऊक होतं आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे कोच मैदानाच्या कडेला हेडफोन लावून उभा राहतो आणि बोलतो ते थेट क्वार्टरबॅकच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्या पोराच्या हेल्मेटात ऐकू जातं. कोणी कुठं पळायचं, चेंडू कुणाकडे फेकायचा, सगळं. ओठ कुणी वाचू नयेत म्हणून तोंडापुढे पुठ्ठा धरायचा. तर तिसऱ्या सामन्यात, सतरा गुणांनी मागे असताना, विल्बरच्या हातातला गोड चहाचा ग्लास कमरेला लावलेल्या यंत्रावर उलटला. यंत्र एकदा फुसफुसलं आणि गप्प झालं. विल्बर ओरडला, यंत्राला थापट्या मारल्या, देवाचं नाव घेतलं. काही नाही. पोरं आपली आपणच खेळली आणि चार गुणांनी जिंकली.

सोमवारी त्यानं यंत्र हॉइटकडे दिलं. हॉइट म्हणजे संघाचं सामानसुमान सांभाळणारा म्हातारा.

"कोच, आतला एक भाग गेलाय. ओहायोहून मागवावा लागेल."

"किती दिवस लागतील?"

"येईल हो. घाई काय आहे?"

चौथ्या सामन्यात विल्बरनं हातानं खुणा करून पाहिल्या. टेरियन मॅब्री, आमचा क्वार्टरबॅक, प्रत्येक खुणेला शहाण्या मुलासारखी मान डोलवायचा आणि भलतंच करायचा. त्या भलत्यातूनच गुण मिळायचे. शेवटी विल्बरनं खुणाही सोडल्या. पण बारा हजार माणसं बघतायत, कॅमेरे लागलेत, आणि कोच नुसता खांबासारखा उभा, हे कसं दिसेल? म्हणून तो मुका हेडफोन डोक्यावर चढवायचा, तोंडापुढे पुठ्ठा धरायचा आणि गंभीर चेहऱ्यानं बोलत राहायचा. बोलायला काही सुचेना तेव्हा ओपलनं दिलेली सामानाची यादी म्हणायचा.

इथंच घात झाला. शेजारच्या ब्रँटलीचा कोच रस्टी हॅगूड, आजवर सगळ्यांत घट्ट मिठी मारणारा हाच, त्यानं कॉलेज फुटबॉलच्या संघटनेकडे तक्रार ठोकली. त्याच्या माणसांनी क्रेनशॉच्या हेडफोनच्या लहरी पकडायचा प्रयत्न केला होता, तर एकही लहर सापडली नाही. ज्याअर्थी सापडत नाही, त्याअर्थी यंत्रणा फारच पुढारलेली असणार. शिवाय एकदा पुठ्ठा जरा खाली आला होता. ओठ वाचणाऱ्या बाईनं लिहून दिलं, की कोच म्हणाले, 'भेंडी दोन पौंड, मक्याचं पीठ, ताक.' आणि पुढच्याच क्षणी टेरियननं डावीकडे लांब चेंडू फेकून गुण मिळवले. पेपरात चौकट छापून आली: भेंडी म्हणजे उजवीकडे, पीठ म्हणजे थांबा, ताक म्हणजे डावीकडे लांब. आम्ही ती कापून फ्रिजवर चिकटवली.

संघटनेच्या चौकशी समितीचं पत्र आलं. गुरुवारी सुनावणी. दोषी ठरला तर सातही विजय पुसले जाणार आणि शनिवारचा ब्रँटलीविरुद्धचा शेवटचा सामना खेळता येणार नाही.

त्या दिवशी जेवताना विल्बरनं बायकोला सगळं सांगून टाकलं. ओपलनं काटा खाली ठेवला.

"म्हणजे इतके आठवडे तू मैदानावर किराणा करतोयस?"

"हळू बोल गं."

"मग जाऊन सांग की समितीला!"

"काय सांगू? मी काहीच करत नाही म्हणून संघ जिंकतो? ओपल, लबाडाला निदान डोकं असावं लागतं. आठ वर्षांत पहिल्यांदा मला कुणी हुशार म्हणतंय. म्हणू दे ना जरा."

"आणि पोरांचे विजय? ते पुसू दे?"

विल्बरनं उठून सुनावणीसाठी शर्टाला इस्त्री केली.

गुरुवारी कॉलेजच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. समितीच्या प्रमुख पेटिग्रूबाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. हॅगूड जाडजूड फाइल घेऊन पहिल्या रांगेत. मागे आमचा अख्खा संघ कोट घालून अवघडून बसलेला. विल्बर उभा राहिला आणि त्यानं चहापासून ताकापर्यंत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. हशा इतका झाला, की बाईंना तीनदा टेबल वाजवावं लागलं. विल्बरचे कान लाल झाले होते. आम्हीही हसलो. आज लाज वाटते, पण हसलो.

"मिस्टर क्रेनशॉ," बाई म्हणाल्या, "सहा आठवडे एक भाग येत नाही, हे आम्ही खरं मानायचं?"

"हॉइटला विचारा, मॅडम."

हॉइटनं टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेवढ्यात मागून टेरियन उभा राहिला.

"मॅडम, हॉइटकाकांना काही बोलू नका. यंत्र त्याच सोमवारी दुरुस्त झालं होतं. आम्हीच त्यांना म्हटलं, भाग आला नाही असं सांगा."

पेटिग्रूबाईंनी चष्मा काढला.

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळे. मतदान घेतलं. बावन्न विरुद्ध शून्य. एवढ्या फरकानं आम्ही कधी काही जिंकलो नव्हतो."

विल्बर वळला. त्याचा आवाज पार खाली गेला होता. "आणि माझ्या खुणा रे? त्या तुला कळत नव्हत्या ना?"

"कळत होत्या, कोच. म्हणून तर मान डोलवत होतो."

"पण का?"

टेरियननं मान खाली घातली. "कोच, तुम्ही फार बोलता. समोरून पाच रेडे अंगावर येतायत, आणि कानात तुमचं चालू, 'घाबरू नकोस, घाबरू नकोस.' तोवर मी घाबरलेलोच नसायचो." मग घाईघाईनं म्हणाला, "बाकी सगळं तुम्हीच शिकवलंय. सोमवार ते शुक्रवार तुमच्यासारखा कोच नाही. फक्त शनिवारी... थोडं गप्प..."

विल्बर खुर्चीत बसला. त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. आठ वर्षं आपणच आपल्या पोरांच्या कानात बसून त्यांना हरवत होतो, हे बारा हजारांच्या गावासमोर कळणं सोपं नसतं. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय असं वाटून ओपल धावली, तर तो हसत होता.

पेटिग्रूबाईंनी नियमांचं पुस्तक पुढून मागून चाळलं. खेळाडूला फुकट दिलेल्या पावाला लोणी लावावं की नाही, यावर त्यात अख्खं पान होतं. स्वतःच्याच कोचला फसवण्याबद्दल एक ओळ नव्हती.

"या संघात फसवणूक झाली, हे तक्रारदारांचं म्हणणं समितीला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "फसवले गेलेले गृहस्थ मिस्टर क्रेनशॉ आहेत. विजय कायम. तक्रार निकाली."

बाहेर हॅगूडनं विल्बरला वर्षातली पहिली मिठी मारली. "मला वाटलंच होतं रे," तो डोळे पुसत म्हणाला, "तू एवढा हुशार नाहीसच."

शनिवारी विल्बर मैदानाच्या कडेला उघड्या डोक्यानं उभा राहिला. कानाला काही नाही, हातात पुठ्ठा नाही, तोंड घट्ट मिटलेलं, दोन्ही हात खिशात. सामना संपेपर्यंत त्यानं एक शब्द काढला नाही. ब्रँटलीला आम्ही नऊ गुणांनी हरवलं.

रविवारी सकाळी संघटनेकडे नवी तक्रार दाखल झाली: उत्तरार्धात कोच क्रेनशॉ यांनी डावा हात चार वेळा खिशातून बाहेर काढला.

साफ खोटी तक्रार आहे. पाच वेळा काढला. आम्ही मोजत होतो.